काजूच्या भट्टीत गवती चहाचं तेल निघेल का?

*मावशी, नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली सून. माहेर म्हापशाचं, तिथे फ्लॅटच्या बाल्कनीत तुळशीपलीकडे काही नव्हतं. इथे सासऱ्यांचं कुळागर म्हणजे पोफळी-नारळाची बाग आहे, मागे काजूची भाट. सासूबाई पान हुंगून औषध सांगतात. मला हे सगळं शिकायचं आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी इसेन्शियल ऑइलच्या दहा बाटल्यांचा सेट मागवला. मुलगा चार वर्षांचा आहे, सर्दी झाली की निलगिरीचे दोन थेंब छातीला चोळते. सासूबाईंना ते पटत नाही. तेल विकणारी कंपनीच ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सही घेते, फी बरीच आहे, करू का? शेजारचे काका 'साखरेवर काहीतरी दे' म्हणून मागे लागलेत. सासऱ्यांची काजूची फेणी काढायची भट्टी हंगाम संपला की रिकामीच असते, तिच्यात गवती चहाचं तेल काढता येईल का? पुढेमागे बाम, साबण करून विकायचंही मनात आहे. सुरुवात कुठून करू?*
*— सत्तरीतली एक सून*

बाय, आधी त्या निलगिरीच्या बाटलीचं बघू. बाकीचं थांबू शकतं, ते नाही.

निलगिरीचं तेल नुसतं, काही न मिसळता, चार वर्षांच्या पोराच्या अंगाला लावायचं नाही. कातडी चुरचुरते, लाल होते, आणि छातीवरचा हात पोर तोंडात घालतं, डोळ्याला लावतं. त्याहून मोठी भीती बाटलीची. हे तेल लहान मुलाच्या पोटात एका चमच्याहून कमी गेलं तरी ते गुंगू शकतं, फिट येऊ शकते, आणि हे फार झटपट होतं. कापराचंही तसंच, देवघरातली कापराची डबीसुद्धा हाताला लागेल अशी ठेवू नकोस. चुकून कधी पोटात गेलंच तर मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नको, तेल फुप्फुसात उतरतं. 108 ला फोन कर आणि बाटली बरोबर घेऊन हॉस्पिटल गाठ. सर्दीला गरम कपडे, कोमट पाणी, भरपूर झोप पुरते. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या तर डॉक्टर. या बाबतीत तुझ्या सासूबाई बरोबर आहेत आणि व्हिडिओ चूक.

तुझ्या पत्रात एक गोंधळ आहे, आणि तो सगळीकडेच आहे. 'तेल' म्हटलं की तुम्ही आजच्या मुली त्या छोट्या काचेच्या बाटलीतलं तेल समजता. सासूबाई म्हणतात ते निरगुडीचं तेल वेगळं. पहिलं म्हणजे झाडातला उडून जाणारा सुगंधी भाग वाफेने वेगळा काढलेला. त्यात झाडातले कडू, तुरट, चिकट पदार्थ जवळजवळ येतच नाहीत. दुसरं म्हणजे खोबरेल किंवा तिळेल, त्यात पाल्याचा रस आणि वाटण आटवलेलं. म्हणून आडुळशाच्या पानाचा गुण आडुळशाच्या सुगंधी तेलात शोधायला जाऊ नये. आडुळशातला खोकल्याला उपयोगी असा व्हॅसिसिन पानात राहतो, वाफेबरोबर येत नाही. (त्याच व्हॅसिसिनवरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. डॉक्टर देतात त्या सिरपाची एक मुळी अशी आपल्या कुंपणापर्यंत येते.)

तेव्हा माझं म्हणणं असं, की वर्षभर तरी बाटल्यांकडे पाठ कर. झाड लाव, ओळख, सुकव, आणि सासूबाईंकडून ते पाला आटवलेलं, म्हणजे सिद्ध तेल शिक. हे त्या क्रमानेच.

झाड ओळखणं हे ऐकायला सोपं वाटतं. गुळवेलीचंच घे, तुमच्याकडे तिला अमृतवेल म्हणत असतील. कोविडच्या काळात घरोघर तिचा काढा उकळला गेला आणि काही जणांच्या यकृताला त्रास झाल्याच्या बातम्या आल्या. 2022 मध्ये आयुष मंत्रालयाने खुलासा केला, त्यात गुळवेलीसारखीच दिसणारी तिची एक बहीण आहे, ती घेऊ नका, असंही सांगितलं होतं. दोघींचं पान पत्त्यातल्या बदामासारखं. फरक खोडात. त्या दुसरीच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे भरलेले असतात आणि खोड मोडलं तर दुधाळ चीक येतो. आपली गुळवेल हिरवी, तिची पातळ साल कागदासारखी सुटते, चीक नाही. हे फोटोत दिसत नाही, हातात खोड घेऊन नखाने साल उचलल्यावर दिसतं. आणि ज्याचं यकृत आधीच नाजूक आहे त्याने योग्य गुळवेलही वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये.

ब्राह्मीचंही असंच. कुळागरातल्या पाटाच्या कडेला गोल, कातरलेल्या पानाची जी पसरते तिला कोणी ब्राह्मी म्हणतं, कोणी एकपानी. वैद्य ज्या दुसरीला ब्राह्मी म्हणतात तिची पानं जाड, लांबट आणि बारीक असतात. दोन्ही कामाच्या, पण वेगळ्या. पाट स्वच्छ असेल तरच तोड. गटाराच्या कडेची एकपानी खायची नाही, ती गटारातलं सगळं शोषून घेते.

आपल्या गोव्यात ही ओळख जपणारी माणसं फार जुनी आहेत. पणजीत चर्चजवळच्या बागेला ज्याचं नाव आहे त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधांवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं, आणि त्याचा सगळा हट्ट असा की जुन्या ग्रंथात काय लिहिलंय ते राहू दे, मी डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगतो. पुढे डच लोकांनी मलबारच्या झाडांचा बारा खंडांचा ग्रंथ काढला, तेव्हा कोचीतले रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य त्या कामावर होते. 1678 च्या पहिल्या खंडात त्यांची ग्वाही नागरी लिपीत छापलेली आहे.

तुझ्या घरी याची शाळा दरवर्षी भरते. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी सासरे रानातून काय काय आणतात ते यंदा त्यांच्याबरोबर जाऊन बघ. कांगलां, घागऱ्या, माट्टी, कवंडळ. प्रत्येकाचं नाव, कुठे उगवतं, खायचं की नुसतं बांधायचं, हे वहीत लिही. कवंडळ दिसायला लालभडक, पण ते माटोळीतच शोभतं, पोटात नाही. फक्त एक ध्यानात ठेव, सत्तरीतलं बरंच रान म्हादई अभयारण्यात आहे. तिथून झाड, मुळी काहीही उपटून आणणं गुन्हा आहे. सर्पगंधेसारखं झाड तर रानातूनच संपत चाललंय, आणि त्याच्या मुळीतलं औषध रक्तदाब असा खाली आणतं की घरी त्याचा खेळ नको.

आता लावायचं काय. मृगाचे दोन-तीन पाऊस पडू देत, मग माती हलव. आपली माती जांभ्याची, आंबट, पाणी झिरपवणारी आणि पावसात खत धुऊन नेणारी. म्हणून एकदम ढीगभर शेणखत घालण्यापेक्षा थोडं थोडं, पाऊस ओसरल्यावर पुन्हा. पहिल्या वर्षी पाच झाडं पुरे: गवती चहा, आडुळसा, तुळस, पानओवा, हळद. कोरफड हवीच असेल तर पडवीच्या कडेला कुंडीत, चार महिने पाऊस अंगावर घेतला तर कुजते.

आडुळसा पावसात वीतभर फांदी खोचली तरी लागतो, तीन-चार डोळे असले म्हणजे झालं. त्याला गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणालाच लाव. पण गरोदर बाईला आडुळसा द्यायचा नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला कोणताही रस मधातून नाही, मधच नाही. तुळशीसाठी वृंदावनाला हात लावू नको. सासूबाई द्वादशीला पान तोडू देणार नाहीत, संध्याकाळी तर नाहीच, आणि उगाच वाद होईल. औषधाची तुळस वेगळ्या वाफ्यात, उंच करून, म्हणजे मुळाशी पाणी साचणार नाही. मंजिऱ्या आल्या की खुडत जा, पाला भरतो. पानओव्याला मी काय शिकवणार, काडी टोचली की झाली. पोराला त्याची भजी करून घाल, औषधापेक्षा लवकर पोटात जाईल.

गवती चहा मात्र नीट लाव, कारण तुझा जीव तिथे अडकलाय. जुन्या ठोंबाच्या फुटी वेगळ्या कर, वरची पात कापून टाक, दीड-दोन फुटांवर एकेक लाव. उन्हात हवा, पोफळीच्या सावलीत वास येत नाही. साधारण चार-पाच महिन्यांनी पहिली कापणी, मग दर दोन-तीन महिन्यांनी. जमिनीपासून वीतभर सोडून कापायचं. हाताला पातीची धार लागते, जुनी पूर्ण बाह्यांची शर्ट घाल. एक ठोंब चार-पाच वर्षं देतो.

सुकवण्याचं गणित गोव्यात वेगळं आहे आणि बाहेरचे व्हिडिओ ते सांगत नाहीत. जून ते सप्टेंबर काहीही सुकवायला जाऊ नको. पाला वरून कुरकुरीत वाटतो, बरणीत भरला की आठवड्यात बुरशी. ताजा वापरायचा असेल तर वापर, साठवणीचा पाला दिवाळीनंतरचा. सावलीत, वाऱ्यावर, सुपात पातळ पसरून. पान मोडल्यावर 'कट्' आवाज आला आणि देठही मोडला तरच काचेच्या बरणीत. बरणीवर झाडाचं नाव आणि महिना. वर्ष झालं की तो पाला खतात.

आता भट्टी. सासऱ्यांना विचारशील तर ते हसतील, पण प्रश्न वेडा नाही. गोव्यातला माणूस ऊर्ध्वपातन म्हणजे काय हे शाळेत जायच्या आधी शिकतो. भाण म्हणजे उकळायचं भांडं, त्याखाली आग, नळ्यातून वाफ, लावणी म्हणजे वाफ थंड करून धरायचं भांडं, त्यात थेंब. गवती चहाचं तेलही याच तत्त्वावर निघतं. फरक असा, की भाणात काजूचा आंबवलेला रस उकळतो आणि मद्य पाण्यात मिसळून येतं. तेलासाठी पाला पाण्यात बुडवून करपवायचा नसतो. पाणी खाली, मध्ये जाळी, जाळीवर पाला, त्यातून वाफ जाऊ द्यायची. बाहेर येतं ते पाणी आणि वर तरंगणारा तेलाचा तवंग, तो वेगळा करायला तळाशी नळी असलेलं भांडं लागतं, म्हणजे पाणी खालून जातं आणि तेल वर राहतं. फेणीच्या लावणीत हे काहीच नाही. शिवाय जुन्या भाणाला फेणीचा वास मुरलेला असतो, जोड कशाने झाळलेत ते तुला माहीत नाही, आणि फेणीची भट्टी अबकारी खात्याच्या परवान्यावर चालते. हंगामाबाहेर तिच्यातून वाफ निघताना कोणी बघितली तर सासऱ्यांना खुलासे देत बसावं लागेल. सासऱ्यांची भट्टी सासऱ्यांनाच राहू दे.

आणि हाती काय लागणार? गवती चहाच्या ताज्या पाल्यात तेल साधारण अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर. दहा किलो पाला कापलास, वाहिलास, आग लावून बसलीस, तर उत्तम साधनांनी तीस ते पन्नास ग्रॅम. घरगुती भांड्यात त्याच्याही खाली. पावसाळ्यात, म्हणजे भट्टी रिकामी असते नेमकी तेव्हा, पाल्यात पाणी जास्त आणि तेल कमी. विकतच्या सुगंधी तेलांत हे स्वस्तातलं तेल. याच्यासाठी एवढं लाकूड जाळायचं माझ्या मनाला पटत नाही. तो पाला चहात घाल, अंघोळीच्या पाण्यात घाल, जुड्या बांधून वाळपईच्या बाजारात दे.

त्यापेक्षा सासूबाईंचं निरगुडीचं तेल शिक. प्रमाण जुनं आहे: वाटण एक भाग, तेल चार, रस किंवा काढा सोळा. म्हणजे 50 ग्रॅम निरगुडीच्या पाल्याचं वाटण, 200 ग्रॅम तेल, 800 ग्रॅम पाल्याचा काढा. जाड बुडाच्या भांड्यात, मंद आगीवर, अधूनमधून तळ ढवळत. घाई केलीस तर वाटण तळाला लागतं आणि सगळ्याला जळका वास. पाणी आटत आलं की खरी परीक्षा. चमच्याने थोडं वाटण काढून दोन बोटांत वळ. आधी ते चिखलासारखं बोटाला चिकटतं, तेल तयार झालं की त्याची वात वळते. ती वात जाळावर धर. चटचट आवाज आला तर आत पाणी आहे, अजून थांब. आवाज न करता जळली तर झालं. तेलावर त्या वेळी फेसही चढतो. (तुपाचं उलट, तूप सिद्ध होताना फेस बसतो. सासूबाईंना विचार, सांगतील.) गरम असतानाच फडक्यातून गाळ. पाणी राहिलेलं तेल खवट होतं, म्हणून वातीची परीक्षा चुकवायची नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांना हेच लावत असशील.

घेतलेल्या बाटल्या फेकायला सांगत नाही. मोठ्या माणसाच्या दुखऱ्या पाठीला लावायचं तर 30 मिली खोबरेलात साधारण 12 थेंब, दोन टक्के होतात. लवंग त्याहून खूप कमी, तिने कातडी पोळते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांब. पोटात एकही थेंब नाही, कोणाच्याही, कंपनीने कितीही छापलं तरी. लेबलवर झाडाचं शास्त्रीय नाव नसेल, नुसता 'सुगंध' लिहिलेला असेल, तर ती उदबत्तीला बरी. दोनशे रुपयांत चंदनाचं तेल मिळालं असेल तर ते चंदनाचं नाही, हे तुला मी सांगायला नको.

सर्टिफिकेटला पैसे घालू नको. जो तेल विकतो त्याचा कोर्स म्हणजे तेल विकायचा कोर्स. वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात जा, रोपं आणि योजना तिथे विचार. जुन्या गोव्यात एला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथल्या प्रशिक्षणांची चौकशी कर. पेडण्याला धारगळला 2022 पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था चालू आहे, ओळखीबद्दल किंवा औषधाबद्दल शंका आली तर तिथे प्रत्यक्ष वैद्य भेटतात. ऊर्ध्वपातनच शिकायचं मनात राहिलं तर लखनौची सीमॅप ही सरकारी संस्था सुगंधी पिकांवर काम करते, पण ते वर्षभरानंतर.

शेजारच्या काकांना साखरेवर काही द्यायचं नाही. ते आधीच गोळ्या घेत असतील, वरून कडू पाला गेला तर साखर अचानक खाली येऊन माणूस घामाघूम होऊन पडतो. 'डॉक्टरांना विचारून या' एवढंच म्हण, राग येऊ दे. तापाचंही तेच. किराईताचा काढा तुमच्याकडे घरोघर आहे, पण सत्तरीत 2015 पासून माकडताप आहे, पावसात डेंग्यू आणि लेप्टो. ताप आला की आधी रक्त तपासायचं. काढ्यात दोन दिवस गेले तर ते परत मिळत नाहीत.

विकायचं राहिलं. बाम, साबण विकायला परवाना लागतो, औषध म्हणून विकलास तर त्याहून वेगळा आणि अवघड. अन्न व औषध प्रशासनात विचारल्याशिवाय लेबल छापू नको. सुकवलेला गवती चहा पाकिटात विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी, ती छोट्या घरगुती कामालाही मिळते. सगळ्यात सोपी रोपं. आडुळसा, पानओवा, गवती चहाच्या फुटी पिशवीत लावून ठेव. तुझ्या म्हापशाच्या बाल्कनीवाल्या मैत्रिणीच पहिल्या गिऱ्हाईक होतील. वाळाही त्यात घे. तो जमिनीत नको, वाळू आणि खत भरलेल्या उभ्या पोत्यात लाव. दीडेक वर्षाने पोतं फाडलं की मुळं अखंड सुटतात, खणावं लागत नाही. एक जुडी माठात टाक, बाकीच्या विक.